घरमालकिणीचं पत्र

कोन, ता. भिवंडी

प्रिय धाकट्या,



परवा नाक्यावर आपल्या आळीतल्या पोरांनी मला अडवलं. "ताई, दादा नक्की करतो काय तिकडं?" मी म्हटलं, कंपनीचं काम करतो. "कंपनी थायलंडची का?" नाही रे, पुण्याची. "मंग थायलंडला कनाला गेला?" आता तूच सांग, मी काय उत्तर द्यायचं? म्हटलं, तिथे कॉफी चांगली मिळते. सगळे हसले. एक मात्र हसला नाही. बारावी झाली आणि गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करायला लागला, तो. बाकीचे पांगल्यावर मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "मला पन लावून देल का दादा तिकडं कुठं?" त्याला काय सांगायचं ते ठरवता ठरवता तुलाच लिहायला बसले. फोनवर तुला घाई असते, आणि मला दोन वाक्यं बोलू देईल ती आपली आई कसली!

आधी कौतुक करून घेते, म्हणजे मग रागवायला मोकळी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा पैशाचा विषय तू आम्हाला काढूच दिला नाहीस. रात्री मी आकडा सांगितला, सकाळी रक्कम खात्यात. तुझ्या भावोजींनी उसने कुणाकुणाकडे मागायचे त्याची यादी करून ठेवली होती, ती त्यांनी माझ्यासमोर फाडली. हे मी विसरायची नाही. पण ऑपरेशननंतर आई पहिल्यांदा वॉकर धरून उभी राहिली, तेव्हा तिने खोलीभर नजर फिरवली. "पोऱ्या कवा येल?" एवढंच बोलली. तुला तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू धावतपळत आला असतास आणि तिकडचं काम अर्धवट राहिलं असतं, असं मला वाटलं. की तू आला नसतास, याची भीती वाटली? जाऊ दे.

आणि भाचीची हळद? आपल्याकडे लग्नाला नाही आलास तर लोक विसरतात, हळदीला नाही आलास तर नाव ठेवतात, हे तुला मी सांगायला हवं का? धवलारीण गात होती आणि आम्ही तुझा फोन नारळाला टेकवून पाटावर ठेवला होता. तू टेबलाशी बसून हसत होतास. वडे तळणाऱ्या काकी हात पुसत आल्या आणि फोनमध्ये डोकावून म्हणाल्या, "जेवलास का रं?" तू म्हणालास, हो काकी. तुझ्याकडे तेव्हा आमच्यापेक्षा दीड तास पुढची वेळ होती, रात्र झाली होती, आणि तू जेवला नव्हतास. मला तुझ्या तोंडावरून कळतं. नंतर मुलीने तो फोन उचलून त्याच्या काचेवरची हळद पुसली. तिने तुझ्यावर राग धरलेला नाही. तिच्या आईने धरला होता, आता सोडला.

तुला वाटेल, ताईला हे दुरून काम करणं पटतच नाही. तसं नाही. ते सुरू झालं तेच मुळी आपल्या वरच्या खोलीत, मार्च 2020 मध्ये. आठवतं? पत्र्याखालच्या उकाड्यात टेबलफॅन लावून, कानात ती बोंडं घालून बसायचास. आई जिन्यात उभी राहून पोराटोरांना गप्प करायची. तू वर काय करतोस ते तिला कळत नव्हतं, पण आवाज झाला तर पगार बुडेल एवढं तिला पक्कं समजलं होतं.

आणि त्याच दिवसांत खाली चाळीत काय चाललं होतं तेही तुला आठवत असेल. यंत्रमाग बंद पडले होते. मागवाल्यांची मजुरी मीटरवर. कापड नाही तर दाम नाही. शेठ फोन उचलेनात. ज्या बिशीत ही माणसं महिन्याच्या उधारीवर जेवायची, तिच्या चुली थंडावल्या. एरवी एका खोलीत दोन पाळ्यांची माणसं राहायची: दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. माग थांबल्यावर सगळे एकाच वेळी त्या खोलीत आले आणि झोपायला जागा पुरेना. मग एकेक करून निघाले. कुणी टेम्पोत उभे राहून, कुणी नाशिक हायवेने पायी. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरची श्रमिक गाडी सुटली, तिच्यात नाव लागावं म्हणून आपल्या भाडेकरूंनी तुझ्याकडून अर्ज भरून घेतले होते. तू मीटिंगच्या मध्ये खाली उतरून त्यांचे आधार नंबर टाइप करत होतास. ते गेले. खाली कुलपं लागली, वर तुझं काम चालू राहिलं. एकाच टाळेबंदीने तुला कुठूनही काम करायची मुभा दिली आणि त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं. हे तुला सोडून मी कुणाला सांगू? तेव्हा वरचं आणि खालचं दोन्ही पाहणारे आपण दोघंच होतो.

तू पाठवलेला हिशेबाचा तक्ता मी नीट वाचला. भाडं, वीज, इंटरनेट, मोटरसायकल, जेवण, बसून काम करायच्या जागेची वर्गणी. खाली तुझी टीप: पुण्यात बाणेरला जेवढं नुसतं भाडं देत होतो, तेवढ्यात इथे घर, जेवण आणि पोहायचा तलाव! मी तो तक्ता तुझ्या भावोजींना वाचून दाखवला. ते म्हणाले, तेवढ्यात आपल्या चाळीतल्या चार-पाच खोल्या येतील. मी म्हटलं, पण पोहायला खाडीत जावं लागेल.

हसण्यावारी नेलं खरं, पण रात्री झोप येईना. कारण तू जी बाजू लिहून पाठवलीस तिच्या समोरची बाजू मला पाठ आहे. पहिल्या तारखेला चाळीत भाडं मागत फिरते ती मी. तू जिथे राहतोस तिथेही अशीच एक बाई असेल. तिला काय वाटत असेल, याचा विचार मी तुझ्यापेक्षा जास्त केलाय.

बाबा सांगायचे ते आठवतं? 18 जानेवारी 1982 ला डॉक्टर दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. गिरण्या बंद, पण बाजारात कापड येतच राहिलं. कुठून? मालकांनी सूत भिवंडीच्या मागांवर पाठवलं. इथे ना युनियनची ताकद, ना गिरणीतला पगार, ना बोनस. मुंबईतलं महाग काम खाडीपलीकडच्या परवडणाऱ्या गावात करून घ्यायचं. तुझी कंपनी ज्याला दुरून काम म्हणते त्याचा हा जुना अवतार, फरक इतकाच की तेव्हा जागेवरून हललं ते सूत होतं. संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. गिरण्या मात्र मोडल्या आणि माग वाढले. मागांमागून माणसं आली आणि बाबांनी भाताच्या खळ्यावर पहिल्या खोल्या काढल्या. आपली शिक्षणं त्या खोल्यांच्या भाड्यावर झाली. तुझ्या कम्प्युटरच्या क्लासची फी कुणी भरली असं तुला कुणी विचारलं तर सांग, भिवंडीत बारा-बारा तास माग चालवणाऱ्यांनी.

मग आली गोदामं. मुंबईत माल शिरला की जकात लागायची, म्हणून माल जकातीच्या अलीकडे उतरवायचा. जागा कुठली? माणकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं उलट पडघ्यापर्यंत पसरली, कारण तोवर रस्ते, ट्रकवाले, हमाल आणि जमीन असं सगळं इथे तयार होतं. कुणी शेत विकलं, कुणी भाड्याने दिलं. ज्यांनी भाड्याने दिलं त्यांच्या दारात गाड्या आहेत. ज्यांनी विकलं त्यांची पोरं त्याच गोदामाच्या गेटवर रात्रपाळीला बसतात, आपल्याच शेताचा पहारा करत. त्यानंतर आल्या इमारती. आता दुर्गाडीचा पूल ओलांडला की फलक सुरू: परवडणारी घरं, कल्याणपासून काही मिनिटांवर. मेट्रो पाचची पायाभरणी डिसेंबर 2018 मध्ये कल्याणला झाली, तिच्यावर कोनगाव स्टेशन येणार म्हणून फलकांवर आकडे आणखी चढले. ज्यांना कल्याण परवडत नाही ते कोनला येतात. त्यांना मी दोष देत नाही. आपण त्यांच्यावरच जगलो. पण परवडणाऱ्या गावात आधीपासून राहणाऱ्याला काय परवडत नाही, ते इथे ठळक दिसतं. साइझिंगच्या बॉयलरची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर आमच्या. पाण्याच्या टँकरची वाट आम्ही बघायची. आपल्या आळीतल्या पोराला लग्नानंतर वेगळी खोली हवी असते, तर त्याच्याच गावात त्याला भाडं झेपत नाही. ही सगळी किंमत कुणीतरी मोजतं, म्हणून येणाऱ्याला जागा परवडते.

आता तुझ्या गावाकडे बघ. तूच मला शिकवलंस की चियांग माई हे राजा मंगरायने 1296 मध्ये वसवलेलं लान्ना राज्याचं जुनं राजधानीचं शहर. चौकोनी खंदक, वर दोई सुथेपचं देऊळ, कडेने पिंग नदी. आणि तूच सांगितलंस की त्या निम्मान रस्त्यावर तुझी कॉफी ऐंशी-शंभर बाटला मिळते. मी मग शोधून काढलं की जानेवारी 2025 मध्ये चियांग माई शहराच्या तालुक्यात किमान रोजंदारी 380 बाट ठरली. म्हणजे तुझ्यासमोर कप ठेवणाऱ्या पोरीला तिच्याच हातची कॉफी प्यायची तर दिवसाच्या कमाईचा पाव भाग जाणार. तुला ते शहर परवडतं कारण तुझा पगार पुण्यातून येतो आणि पुण्याच्या कंपनीला तो लंडनच्या गिऱ्हाइकाकडून मिळतो. तिचा पगार त्याच गल्लीत ठरतो. यात तुझा गुन्हा नाही, रे. पण हे माहीत असूनही कपाचा फोटो टाकताना खाली "किती स्वस्त!" लिहू नये. आपल्या चाळीत उतरलेल्या कुणी असं मोठ्याने म्हटलं असतं, तर बाबांनी पुढच्या महिन्यात भाडं वाढवलं असतं.

एक गोष्ट मात्र मला त्या देशाची आवडली. परदेशी माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण परदेश्यांच्या नावावर त्या इमारतीच्या क्षेत्रफळाच्या 49 टक्क्यांपेक्षा जास्त जाता कामा नये. कायद्याला पळवाटा असतात, हे मला कुणी शिकवायला नको. नावं कशी बदलतात ते सातबाऱ्यांवर पाहिलंय मी. तरी कागदावर का होईना, तेवढी तरी आडकाठी आपल्या गावच्या शेतांना असती तर? शिवाय काही कामं त्यांनी आपल्याच माणसांसाठी राखून ठेवली आहेत: पर्यटकांना फिरवणं, केस कापणं. तू तिथे लॅपटॉपवर काय वाटेल ते कर, पण हजामाचं दुकान काढू शकत नाहीस. हे वाचून भावोजी पोट धरून हसले.

आणि तुझी घरमालकीण. तूच एकदा बोलता बोलता म्हणालास की परदेशी भाडेकरू आला की तिला चोवीस तासांत इमिग्रेशनला कळवावं लागतं, आणि नव्वद दिवसांच्या वर राहिलास तर तुलाही आपला पत्ता कळवत राहावं लागतं. तुला तो वैताग वाटला. मला ती बाई जवळची वाटली. मीही भाडेकरूंचे फोटो, आधारकार्डाच्या झेरॉक्स आणि फॉर्म घेऊन पोलीस ठाण्यात जाते ना! माझ्या फॉर्मवरचा माणूस 'परप्रांतीय'. तिच्या फॉर्मवरचा माणूस तू. गोरखपूरचा तो, कोनचा तू, दोघंही आपलं गाव सोडून परवडणाऱ्या गावात कमवायला गेलेले. त्याच्याकडे पाहून आपली माणसं नाकं मुरडतात. तुझ्यासाठी मात्र जग नवनवी नावं काढतं आणि सरकारं व्हिसे काढतात.

तो तुझा व्हिसाही मी वाचला, समजलास? डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, जुलै 2024 पासूनचा. पाच वर्षांचा; एका वेळी 180 दिवस राहायची सोय; दहा हजार बाट फी; आणि खात्यात पाच लाख बाट असल्याचा पुरावा. आपल्या पैशात बारा-तेरा लाखांच्या वर. म्हणजे ज्याच्याकडे आधीच आहे त्याला दार उघडं. आणि त्याच शहरात म्यानमारमधून आलेली शान माणसं तुझ्या इमारतीचे मजले चढवतात, फरशा पुसतात, भांडी घासतात. तू म्हणाला होतास, खाली जिन्यापाशी बसून डबा खाणारे मजूर आपल्या मागवाल्यांसारखे दिसतात. दिसणारच. त्यांचेही कागद दर काही काळाने नवे करावे लागतात, त्यांचंही काम मालकाच्या मर्जीवर. त्यांच्याशी बोलतोस का? की इथे बसून मी विचारते तेवढंच?

आता तिथल्या मार्चचं सांगते. फेब्रुवारी ते एप्रिल तिथे धूर असतो हे तू पहिल्याच वर्षी सांगितलंस. रानातले वणवे, मक्याच्या शेतातलं जाळणं, सीमेपलीकडून येणारा धूर. डोंगर दिसेनासा होतो. जगातल्या सगळ्यात वाईट हवेच्या शहरांच्या यादीत त्या दिवसांत चियांग माई वर असतं. आणि मग तू लॅपटॉप उचलून समुद्राकाठच्या दुसऱ्या कुठल्या गावी जातोस. जा ना, फुप्फुसं तुझी आहेत, मी अडवणार नाही. पण तुझी घरमालकीण कुठे जाते? तिची आई? तिथल्या लोकांनी काय केलं माहीत आहे ना तुला? 2023 मध्ये चियांग माईच्या नागरिकांनी धुराविरुद्ध थेट पंतप्रधानांना कोर्टात खेचलं, आणि जानेवारी 2024 मध्ये तिथल्या प्रशासकीय न्यायालयाने सरकारला 90 दिवसांत उपाययोजना करायला सांगितलं. ज्यांना जाता येत नाही ते कोर्टात जातात. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी चढली तेव्हा आपण काय केलं होतं? धान्याचे डबे पोटमाळ्यावर चढवले, भाडेकरूंची पोरं वरच्या खोलीत घेतली. तू तेव्हा लहान होतास, सगळी रात्र त्या पोरांशी पत्ते खेळलास. जायला दुसरी जागा नव्हती, म्हणूनच आपण त्या रात्री त्या सगळ्यांची नावं शिकलो.

कार्तिकी पौर्णिमेला तू नदीचा व्हिडिओ पाठवलास. केळीच्या खांबाच्या चकत्यांवर फुलं, उदबत्ती, दिवा, आणि सगळं शहर ते पाण्यात सोडतंय. आईने इकडे त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती लावलेल्या, तिने चष्मा लावून तीनदा पाहिला. "ती बी आपलीच मान्सं हायेत," असा तिने निकाल दिला. मग लगेच, "त्यांना सुकट मिळतं का विचार." विचारलंस का? तुम्ही सगळे एकाच रस्त्यावर एकाच दुकानात बसता, एकमेकांशी इंग्रजीत बोलता, आणि म्हणता, इथली माणसं फार शांत आहेत. भाषा शिकल्याशिवाय माणसं शांतच वाटणार! आपल्या खोल्यांतला तो बस्ती जिल्ह्यातला मुलगा आठवतो, जो सहा महिन्यांत आगरी बोलायला लागला आणि आईला 'आये' म्हणायचा? त्याला कुणी क्लास लावला नव्हता. नळावर भांडून शिकला. तू कुणाशी भांडलायस तिथे, अजून?

बाकी कागदांचं नीट कर. इकडे 182 दिवसांचा नियम, तिकडे वर्षात 180 दिवस झाले की करासाठी तिथले रहिवासी. कंपनीला तू कुठे आहेस हे खरंखुरं माहीत असू दे, सीएला विचार, पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेव.

आता त्या पोराचं, ज्याच्यामुळे हे पत्र सुरू झालं. त्याच्या फोनवर एक जाहिरात आहे: थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, राहणं-खाणं फुकट, पगार डॉलरमध्ये, इंटरव्ह्यू फोनवरच. तुला ठाऊक आहे अशी पोरं कुठे पोचतात. बँकॉकला उतरवतात, गाडीत घालून सीमा ओलांडून म्यानमारमध्ये म्यावाडीच्या बाजूला नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि दिवसरात्र लोकांना फोनवरून फसवायला बसवतात. मार्च 2025 मध्ये भारत सरकारने हवाई दलाची विमानं थायलंडच्या माए सोतला पाठवली आणि दोन दिवसांत 549 जणांना परत आणलं. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तू भीती घालतंस. दादा तर मजेत हाय." माझ्या शब्दाला तुझ्या फोटोंनी मात दिली. म्हणून तू त्याला फोन कर. स्पष्ट सांग की तुला थायलंडने नोकरी दिलेली नाही. नोकरी तू इथून घेऊन गेलास, आणि ती मिळवायला आधी इथे किती वर्षं लोकलला लोंबकळलास. सांग की तुझ्या व्हिसावर तिथल्या कंपनीत नोकरी करताही येत नाही. फोटोत तुझ्या मागे डोंगर दिसतो. खोलीचं दार लावून एकटा जेवतोस, तेही त्याला सांग. आणि त्याला काय शिकता येईल, कुठून सुरू करता येईल, यासाठी आठवड्यातला तासभर दे. तुझ्या तलावात पोहण्याच्या वेळेतला दे.

तू परत ये, असं मी म्हणत नाही. आपल्या गावात माणसं बाहेरून आली म्हणून आपण उभे राहिलो. मग आपलंच माणूस बाहेर गेलं म्हणून मी कुठल्या तोंडाने रडू? माझं म्हणणं एवढंच की परवडणाऱ्या गावाचा मुलगा म्हणून तिथे राहा. भाडं वेळेवर दे आणि तिने वाढवलं तर आधी कारण विचार, मग घासाघीस कर. तिचं नाव, तिच्या मुलांची नावं माहीत करून घे. मार्चमध्ये निघताना तिला सांगून निघ, आणि त्या महिन्यांचं भाडं बुडवू नकोस. खोली रिकामी ठेवून धूर खात बसलेल्या बाईचं पोट त्यावरच असतं. हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही. ते सांगायला घरमालकीण बहीण असावी लागते.

गणपतीला ये. दीड दिवसाचा पाहुणा होऊन नको, महिनाभर ये. वरच्या खोलीला आता स्लॅब घातलाय, फायबरचं इंटरनेट आहे, वीज गेली तर इन्व्हर्टर बसवलाय. कंपनीला कुठूनही चालतं ना? मग कोनहूनही चालेल. खाली गोदामातली दोन-तीन पोरं संध्याकाळी शिकायला येतील, मी आत्ताच कबूल केलंय. आईशी रोज बोल, फोन मी तिच्याच हातात देईन. आणि हो, वरच्या खोलीचं भाडं शेजारच्या खोलीला जे आहे तेच तुझ्याकडून घेणार, एक रुपया कमी नाही. आगाऊ पाठव.

तुझी,
ताई